लेकीचं बाळंतपण आणि माझं घोरणं

मी घोरते. बायका घोरत नाहीत असा आपल्याकडे एक समज आहे, आणि तो खोटा पाडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आलं. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या वन बीएचकेच्या भिंती पातळ, त्यामुळे गोष्ट घरापुरती राहिली नाही. शेजारच्या गुजराती भाभी लिफ्टमध्ये भेटल्या की काळजीनं विचारायच्या, "कल भाईसाब को नींद आया?" मला झोप लागली का, हे कुणी विचारत नसे. भाईसाब म्हणजे आमचे हे. ते केव्हाच उशी घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर गेले होते. माझं घोरणं त्यांनी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं आणि पाहुणे आले की चहाबरोबर ऐकवायचे. लोक हसायचे. मीही हसायचे. नाही हसलं तर आपणच चिडके ठरतो.

सकाळी डबे, मग भाईंदरच्या शाळेत क्लार्कची नोकरी, येताना भाजी, आल्यावर परत स्वयंपाक. अंग टाकलं की झोपायचे आणि झोपले की घोरायचे.

मुलीला दिवस गेले आणि हसण्यावारी नेण्याची सोय संपली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात न बोलता ठरलेलं असतं. मी जुन्या सुती साड्या काढून दुपटी शिवायला घेतली होती. मुलीचं सासर घोडबंदर रोडला, घर मोठं. सातव्या महिन्यात ती फोनवर चाचरत म्हणाली, "आई, मी इथेच राहू का गं? सासूबाईपण म्हणतायत. तुझ्या खोलीत बाळ झोपणार कसं?"

मी "बघू" म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. लेकीचं बाळंतपण माझ्या हातून जाणार होतं, तेही झोपेत मी काय करते त्यापायी. जागेपणी तरी मी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मानेला टेप लावून माप घेतलं, बीपी पाहिलं, नाकात टॉर्च मारला. दिवसा पेंग येते का, सकाळी डोकं दुखतं का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, असं सगळं विचारलं. हे म्हणाले, "डॉक्टर, झोप तर माझी होत नाही." त्यावर ती म्हणाली, "काका, तुमची फाइल वेगळी काढू." मला ती तेव्हाच आवडली.

मग झोपेच्या तपासणीसाठी एक रात्र छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाखाली नळी लावून घरीच झोपले. रिपोर्ट आला. श्वास कुठेही थांबत नव्हता. "ही चांगली बातमी," डॉक्टर म्हणाली, "पण घोरणं आहेच. ते कमी करायला तुम्हालाच मेहनत घ्यावी लागेल."

ह्यांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं नाही. येताना पेढे घेतले, लिफ्टमध्ये भाभींना "रिपोर्ट एकदम नॉर्मल" म्हणून सांगितलं आणि उशी घेऊन बेडरूममध्ये परत आले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना तोंड फुगलेलं. म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल असून घोरलीस." पेढे मी फुकट खाल्ले, असा सूर होता. संध्याकाळी उशी परत सोफ्यावर गेली.

मेहनत मात्र मी घेतली. रोज नाकात स्प्रे मारला. जेवण लवकर आणि हलकं ठेवलं. म्हणजे माझ्यासाठी वेगळं शिजवायचं कामही मलाच लागलं. गाऊनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू घातला, उताणी झाले की टोचायचा. दंतवैद्यानं खालचा जबडा जरा पुढे धरणारं साधन बनवून दिलं. सुरुवातीला सकाळी जबडा असा दुखायचा की पोळी चावायला नको वाटे. पण आवाज उतरला. ह्यांना मी पुन्हा रेकॉर्ड करायला लावलं आणि ते मुलीला पाठवलं. तिनं ऐकलं आणि लिहिलं, "येते." त्या दिवशी मला शाळेत काम सुचलं नाही, इतका आनंद झाला.

मुलगी आली, नात झाली. मालिश, अंघोळ, शेक आटोपला की मुलगी कानाला स्कार्फ बांधून आडवी व्हायची. एकदा अशीच ती झोपली होती आणि नातीला मांडीवर घेऊन मी पलंगापाशी बसले होते. मुलगी घोरायला लागली. थेट माझंच घोरणं, तसंच खरखरीत, मध्येच चढणारं. नात दचकली, तिला मी थोपटलं. तेवढ्यात हे दारात आले. हातात मोबाइल होता. मला वाटलं, झालं, आता हिचंही रेकॉर्डिंग.

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. पुढे येऊन पंखा एकनं कमी केला, मुलीच्या पायावरची चादर सारखी केली. "दमलीय पोरगी," कुजबुजले, "झोपू दे." आणि दार हलकेच ओढून घेतलं. हॉलमधला टीव्हीसुद्धा बंद झाला.

बरोबरच होतं त्यांचं. दमलीच होती ती. मी नातीला थोपटत राहिले आणि माझे डोळे भरून आले. आवाज तोच होता. माझा होता तेव्हा तो चहाबरोबर वाढला गेला.