विटकरी स्वेटर आणि कडीचा डबा

मला घासाघीस चांगली जमते. सीताबर्डीच्या फुटपाथवर माझ्यासोबत आलेल्या बायका लाजून पुढच्या दुकानात शिरतात, पण मी जागची हलत नाही. नवरा म्हणायचा, तू यमालाही दारात उभं ठेवून भाव पाडशील. त्याच्या वेळेला ते काही जमलं नाही. डोक्यात गेलेला ताप, नऊ दिवस आयसीयू, आणि संपलं सगळं. त्याला आता तीन वर्षं होतील.

त्याचे कपडे मी पहिल्याच महिन्यात वाटून टाकले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत हे सांगायला सगळं गणगोत जमलं होतं आणि माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती. राहिला फक्त एक स्वेटर. विटकरी रंगाचा, उजव्या कोपरावर निळ्या लोकरीनं रफू केलेला. रफू माझंच. विटकरी लोकर मिळाली नव्हती आणि त्याला सकाळच्या थंडीत गाडीवर ऑफिसला जायचं होतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. तिनं तो स्वेटर उशीच्या खोळीत कोंबला आणि त्यावर झोपायला लागली. गणगोतातलं कोणी त्यावर काही बोललं नाही.

मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी मी तो खोळीतून काढून उन्हात टाकला. दुपारी घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि तेवढ्यात गल्लीत भांडेवालीची हाक आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी येते. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. तिच्याकडे कडीचा एक स्टीलचा डबा होता, झाकण असं घट्ट की मुंगी शिरणार नाही. मी दोन साड्या काढल्या, मुलीचे तोकडे झालेले फ्रॉक काढले, एक चादर काढली. ती मान हलवत राहिली.

“ताई, एक कपडा अजून टाका न. गरम असंल तं पाहा. मंग हा डबा तुमचा.”

मी म्हटलं, एवढ्यात तर दोन डबे येतात. ती उठायला लागली. मी तिला बसवलं. अर्धा तास हे चाललं. शेवटी मी हात मागे नेला आणि खुर्चीवरचा स्वेटर तिच्या गाठोड्यावर टाकला.

ओळखला नाही असं मी म्हणू शकत नाही. टाकताना निळं रफू बोटाला लागलं होतं. पण तेव्हा डोक्यात फक्त डबा होता, आणि ही बाई हातची जाऊ नये एवढंच. की मला तो स्वेटर नकोच होता? दोन वर्षं त्या उशीकडे बघून मी थकले होते, हे खरं आहे. आज लिहिताना कबूल करते, तेव्हा केलं नसतं.

संध्याकाळी मुलगी उशी चाचपत आली. “आई, माझा स्वेटर कुठं आहे?”

“माळ्यावर ठेवला असंल. शोधते.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि “बरं” म्हणाली. पुढचे दोन दिवस तिनं शाळेतून आल्यावर “सापडला?” एवढंच विचारलं. मी दोन्ही दिवस स्टूल लावून माळ्यावर चढले आणि जिथे काहीच नाही तिथे खुडबुड करून खाली आले. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

तिची शाळा सदरमध्ये, सिस्टरांची. डिसेंबरात तिथे प्रत्येक मूल सांताला पत्र लिहितं आणि लाल कागद चिकटवलेल्या खोक्यात टाकतं. मग टीचर ती पत्रं गुपचूप आईबापांच्या हातात देतात, पंचवीस तारखेच्या सकाळी वस्तू घरात हजर असावी म्हणून. गेटवर बाकीच्या आया एकमेकींना पत्रं दाखवून हसत होत्या. कोणाला रिमोटची गाडी हवी होती, कोणाला चक्क लहान बहीण. माझ्या हातात कागद देताना टीचर म्हणाल्या, “किती साधी मागणी आहे बघा मॅडम. घरातलीच वस्तू आहे.”

पत्र इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. प्रिय सांता, मला माझ्या बाबांचा स्वेटर परत पाहिजे. तो विटकरी आहे. कोपराला निळं आहे. दुसरा नको. मी तुझ्यासाठी दाराबाहेर ठेवीन, ते तू घेऊन जा.

सांतासाठी बिस्किटं ठेवतात असं टीचरनी वर्गात सांगितलं होतं. ती बिस्किटंच ठेवणार असेल असं मी धरून चालले. माझं लक्ष त्या ओळीकडे नव्हतंच. ‘दुसरा नको’ हे दोन शब्द मी स्कूटीवर बसून इतक्या वेळा वाचले की मागची रिक्षा हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली.

मग मला वेडच लागलं. मी मिहानमधल्या एका कंपनीत काम करते. तिथून दोनदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दिसेल त्या भांडेवालीला थांबवत सुटले. आमची सापडली ती तीन गल्ल्या पलीकडे. तिला मी आठवत होते, स्वेटर आठवत नव्हता.

“थंडीत गरम कपडा एक दिवस नाई ठयरत, ताई. बाजारात नेला का गेला.”

“पण कोणाले विकला?”

“आता मी कोणाकोणाचं तोंड लक्षात ठेवू वं?” माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. टोपलीतून एक वाटी काढून ती म्हणाली, “हे घ्या, अशीच घ्या.” मी नको म्हटलं. फुकट मिळणारी वस्तू नाकारण्याची ती माझी पहिलीच वेळ.

त्यानंतर मी रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषांचे स्वेटर बघायला लागले. बाईमाणसानं असं बघू नये हे मला कळतं. एकदा बसस्टँडवर विटकरी स्वेटर दिसला आणि मी त्याच्यामागे सावनेरच्या बसमध्ये चढले. तो माणूस बसला ती खिडकी उजव्या हाताला होती, कोपर दिसेना. मी वाकून बघते आहे म्हटल्यावर तो चमकला. “काय झालं बाई, काहून पाहून राहिल्या?” त्यानं हात वर केला तर कोपर धड होतं. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि एका चहाच्या टपरीमागे उभी राहून रडले. टपरीवाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

थंडीत आमच्याकडे तिबेटी लोकांचा स्वेटरांचा बाजार लागतो. मूळ स्वेटर तिथूनच घेतला होता. मी सगळी दुकानं पालथी घातली आणि त्यातल्या त्यात जवळचा रंग निवडला. घरी आणून तीनदा धुतला. मग उजवं कोपर ओट्याच्या कडेवर घासलं, भोक पडेपर्यंत घासलं, आणि निळ्या लोकरीनं रफू केलं. जुन्या रफूत एक टाका चुकला होता, तोही आठवून चुकवला. हे सगळं मुलगी शाळेत असताना. आपण पोटच्या पोरीला फसवण्यासाठी एवढी मेहनत घेतोय याची लाज वाटत होती, पण हात थांबत नव्हते. तिला कळलं तर ती माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही, एवढीच भीती. बाप गेला होताच. आईही गेली असं तिला वाटू नये.

चोवीस तारखेला दिवाळीचा आकाशकंदील अजून दारात लटकत होता. तिनं त्यालाच नाताळचा तारा ठरवलं. दिवेलागणीला दाराची कडी लावायचं काम तिचं. त्या दिवशी जरा वेळ लावला तिनं, पण मी पोळ्या लाटत होते.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं. दुधाची पिशवी कडीला टांगलेली होती आणि खाली पायपुसण्यावर भांडेवालीकडून घेतलेला तो कडीचा डबा होता. घासून लख्ख केलेला, झाकण घट्ट लावलेलं. त्यातले माझे पोहे परातीत ओतून ठेवले होते, हे मला नंतर दिसलं.

मी तिथेच उभी राहिले. पत्रातलं ‘दाराबाहेर ठेवीन’ म्हणजे हे होतं. खांद्यावर गाठोडं घेऊन येणारं माणूस तिनं एकच पाहिलं होतं, आणि ते माणूस बदल्यात काही घेतल्याशिवाय काही देत नाही. सांताही तसाच असणार. त्याची वस्तू त्याला परत केली की आपली आपल्याला मिळेल.

मागून तिचा आवाज आला. “नाही नेला त्यानं?”

मी आत जाऊन स्वेटर आणला. “हा पाहा. देऊन गेला.”

तिनं आधी कोपर बघितलं, मग स्वेटर नाकाला लावला. रडली नाही. “हा नाही आहे,” म्हणाली.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. “मीच दिला वं तो. भांडेवालीले दिला.”

“मले माहीत आहे. मी खिडकीतून पाहून राहिली होती.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तू शोधते म्हणली होती न.”

 रागावली असती, हातपाय आपटले असते तर मी सावरलं असतं. तिनं तो नवा स्वेटर पायरीवर पसरला, बाह्या आत घेऊन नीट घडी केली आणि डब्याच्या झाकणावर ठेवला.

“एक कपडा अजून टाकू,” ती म्हणाली. “मंग देईल तो.”

आणि पायरीवर बसून गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागली. मी दुधाची पिशवी हातात धरून तिच्या शेजारी बसले आणि तिकडेच बघत राहिले.