कोंबडखतावर राख

मुर्री गावाच्या टोकाला आमचं कोंबड्यांचं शेड आहे आणि खत मी करते. हे ‘मी’ जरा जोरात म्हणते, कारण आमच्या घरात शेतीतलं सगळ्यांनाच कळतं, खतातलं फक्त मला. शेडमधली विष्ठा, राइस मिलचा भुसा, धानाचं तणस आणि गल्लीतल्या बायका बिड्यांसाठी तेंदूपानं कापतात त्याची कातरण, असे थर घालायचे, पाणी शिंपडायचं, आणि अधूनमधून फावड्याने ढीग उलटायचा. आतून तो असा तापतो की हात घालवत नाही. नीट जमलं तर वास येत नाही. आला तर समजायचं, भुसा कमी पडला.

त्या उन्हाळ्यात भुसा खरंच कमी पडला. मिलचा ट्रॅक्टर आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि वास भिंतीपलीकडच्या काकूंच्या घरात शिरला. काकूंची जीभ तिखट. “जेवाले बसलो का तुमच्या कोंबड्याच ताटात येऊन राहिल्या,” असं त्या मला भिंतीवरून ऐकवायच्या. शेवटी त्या सरपंचांकडे गेल्या. सरपंचांनी निरोप धाडला, सोमवारी येऊन बघतो, वास असाच असेल तर शेड हलवा. हलवा म्हणे. हलवायला दुसरी जागा कुठे होती? शेड गेलं असतं तर आमचं घरच बसलं असतं.

तरी मी घाबरले नाही. रविवारी भुसा आला. ढीग उलटून मी तो भरपूर मिसळला आणि निवांत झोपले.

आमच्याकडे कशालाही वास आला की चुलीची राख टाकतात. नालीवर राख, गोठ्यात राख, मेलेल्या उंदरावरही राख. सोमवारी मी उठायच्या आत सासूबाईंनी घमेली भरभरून राख ढिगावर ओतली आणि वरून पाणी मारलं. ओल्या कोंबडखतात राख मिसळली की खतातलं सत्त्वच वायू होऊन उडतं, आणि मिरची जाळल्यासारखं नाकाडोळ्यांना झोंबतं. सरपंच आले ते डोळे पुसतच.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. राखेने असं झालंय, वरची राख काढते, आणखी भुसा घालते, आठवडाभरात वास जाईल.

“राख टाकली कोणी?” त्यांनी विचारलं.

“मी टाकली,” सासूबाई म्हणाल्या. “वाटलं, वास मरते.” आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

“आज हे, उद्या आणखी काही,” सरपंच म्हणाले. “आता आहेत त्या कोंबड्या विका आणि शेड बंद करा.”

काकू भिंतीशी उभं राहून ऐकत होत्या. त्यांच्या मनासारखं झालं होतं, नुसतं घरात निघून जायचं बाकी होतं. पण त्या फाटकातून आत आल्या.

“राख टाकाले मीच सांगतलं हिले,” त्या सरपंचांना म्हणाल्या. “काल नळावर. ही कायले चूप बसली, मले माहीत नाही. तक्रार माझी होती. आता नाही.”

“आणि वासाचं काय?”

“ते आमच्या भिंतीचं आम्ही पाहून घेऊ.”

तक्रार करणारीच नाही म्हटल्यावर सरपंच काय करणार? गाडी सुरू करून निघून गेले. माझे डोळे वाहत होते, आणि ते सगळंच काही राखेमुळे नव्हतं. काकूंनी पदर नाकावर घट्ट बांधला.

“काऊन उभी आहे?” त्या मला म्हणाल्या. “मलेबी फावडं दे.”