हळदीचं पेव आणि मुंबईचं पदक

पेवातलं बोलणं बंद झालं तेव्हा मी वर मातीच्या ढिगाऱ्यावर उभी होते. मुलगी आत उतरताना एकसारखी बोलत होती. भिंतीला पाचट कसं लावलंय, वास कसा येतोय, असं काहीबाही. मग ती म्हणाली, "आई, इथं..." आणि पुढचं आलंच नाही. खाली पोतं पडावं तसा आवाज झाला.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं, दोन पुरुषांहून जास्त खोल. सांगलीकडे हळद अशी जमिनीत ठेवतात. वर्षं गेली तरी तिला कीड लागत नाही, कारण आत हवाच नसते. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर कुणी उतरत नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. तिकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

त्या दिवशी कंदील कुणी सोडला नाही. पेव आदल्या दिवशी तिन्हीसांजेला उघडलं होतं. तेवढ्यात अवकाळी पावसाची भुरभुर आली, म्हणून रात्रीच्या राखणदारानं तोंडावर पत्रा टाकला, वर पाचट पसरलं आणि हळद भिजू नये म्हणून कडेनं चिखल थापला. सकाळी हमालांनी ते सगळं काढलं. जो तो म्हणाला, "कालच उघडलंय की." एकदा उघडलेलं पेव ते उघडलेलंच, अशी तिथल्या लोकांची बोलायची सवय. मध्ये ते रात्रभर बंद होतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

माझा धाकटा भाऊ ती पेवं सांभाळायचा. तो चहाला गेला होता. मी बोंब ठोकली तसा पळत आला.

"कंदील सोडला हुता का रं?" त्यानं हमालांना विचारलं. तो माझ्याकडं वळला. "आक्का, वरडू नगं. घोंगडं दे ते."

घोंगडं दोरीला बांधून त्यानं पेवात सोडलं आणि दोघांना ते वर-खाली जोरात हापसायला लावलं. वरची हवा खाली जावी म्हणून असं करतात. मी त्याला शिव्या देत होते, पोरीला शिव्या देत होते, आणि हातानं दोरी ओढत होते. तेवढ्यात एका तरण्या हमालानं कमरेला दुसरी दोरी बांधली.

"अरं, थोडं थांब," भाऊ म्हणाला.

"थांबून काय तिचे दिवस घालायचे?" असं म्हणून त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि उतरला.

त्यानं तिच्या काखेखालून दोरी कशी बांधली ते त्यालाही पुढं सांगता आलं नाही. आम्ही ओढली. ती वर आली तेव्हा ओठ काळेनिळे होते. मागोमाग त्याला ओढला, तर तोही मान टाकून आला. दोघांना शेजारी शेजारी पालथं घातलं, पाणी मारलं, पाठी चोळल्या. हमाल आधी खोकला. मग माझी मुलगी माझ्या पायांवर ओकली. ओकारी बघून मला इतका आनंद आयुष्यात परत झाला नाही.

आता ती तिथं का उतरली ते सांगते.

ती सांगलीला भावाकडे राहून कॉलेजात शिकत होती. एम.ए. करत होती, अर्थशास्त्रात. आमचं गाव साताऱ्याकडच्या औंधच्या अलीकडं. आमच्या भावकीत तोवर एम.ए.पर्यंत मुलगाही गेला नव्हता. मी स्वतः चौथी शिकलेली. त्या वर्षी मुंबईच्या एका मंडळानं पदक जाहीर केलं. माणसाला आपला माल, आपली मेहनत आणि आपलं डोकं आपल्या मर्जीनं वापरता आलं पाहिजे, या विचारावर जो चांगला प्रबंध लिहील त्याला. पदकाबरोबर दोन वर्षं मुंबईत राहून पुढं शिकायची सोय. ऑस्ट्रिया नावाच्या देशात असं मानणारे अर्थशास्त्री होऊन गेले, त्यांच्या विचाराचं हे मंडळ. ते काय म्हणतात, असं मी विचारलं तेव्हा मुलीनं सांगितलं, "भाव म्हणजे बातमी असते आई. कुठं काय कमी आहे, कुठं जास्त आहे, ते लाखो माणसांना थोडं थोडं माहीत असतं. ते सगळं कचेरीत बसलेल्या एका साहेबाला कळणं शक्य नाही. म्हणून त्यानं भाव ठरवू नये."

दिवस आणीबाणीचे होते. रेडिओवर रोज साठेबाजांच्या नावानं शिमगा चालायचा. आणि हिनं विषय घेतला हळदीची पेवं! साठा करणारा माणूस गुन्हेगार नाही, असं ती लिहिणार होती. तिचे सर म्हणाले, "लिही, पण चारचौघांत वाचत बसू नकोस. आणि पुस्तकातलं उतरवू नकोस. डोळ्यांनी बघितलेलं लिही." म्हणून ती पेव बघायला गेली. मी तेव्हा भावाकडं आले होते, तर मीही बरोबर गेले. हमाल म्हणाले, "ताई, बायामाणसाचं काम न्हाई ह्ये." त्यावर ही म्हणाली, "लिहायचं मी आणि बघायचं तुम्ही, असं कसं?" आणि पदर खोचून उतरली.

तिला हा विषय बहात्तरच्या दुष्काळात सापडला होता. त्या वर्षी आमच्याकडं ज्वारीचा दाणा नव्हता. माझ्या नणंदेकडं, सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठाला, थोडी होती. आमचे मालक, म्हणजे हिचे वडील, बैलगाडी घेऊन गेले, बरोबर ही शाळकरी पोर. पण ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. नाक्यावर एका कोवळ्या कारकुनानं गाडी अडवली. मालक पलटणीत हवालदार होऊन आलेले. त्यांनी कागद दाखवले, बहिणीच्या घरची ज्वारी आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "फौजी असा न्हाईतर कुणी असा, पोती उतरवा." भर रस्त्यात पोती उतरवली. मालक रिकामी गाडी घेऊन घरी आले. आम्ही ते वर्ष रेशनच्या लाल मिलोवर, म्हणजे परदेशातून आलेल्या जाड ज्वारीवर, काढलं. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना तुटायची नाही.

पेवातला प्रकार मालकांना कळला तेव्हा ते सांगलीला आले. मला म्हणाले, "शिक्षान शिक्षान करून पोर खड्ड्यात घातलीस. आता पुरं झालं. वैशाखात लगीन उरकायचं."

"आवं, तिचा प्रबंध अर्धा राहिलाय."

"राहू दे."

"पदक मिळालं तर?"

ते हसले नाहीत. "मिळालं तर बघू," म्हणाले. मिळणार नाही याची त्यांना खात्री होती. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि हवालदाराचा शब्द मी धरून ठेवला.

प्रबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. मुलीचं डोकं ठणकायचं, पेन धरवेना. मंडळाला प्रबंध मराठीत चालत होता. म्हणून ती भावाच्या घरात भिंतीला टेकून सांगायची आणि मी लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत तेवढ्याचंच कौतुक झालं होतं.

"लिही," ती म्हणायची, "साठा करणारा आजची हळद उद्याच्या माणसासाठी राखतो."

"स्वतःच्या खिशासाठी राखतोय तो."

"खिशासाठीच. पण उद्याच्या माणसाला हळद मिळते का नाही?"

"आणि आजच्याला महाग पडती, त्याचं काय?"

"महाग पडली म्हणून तो जपून वापरतो."

"दुष्काळात मला ज्वारी जपून वापर म्हणून सांगायला आलीस, तर लाटणं हाणीन डोक्यात."

ती हसली आणि डोकं धरून बसली. मग म्हणाली, "हे पण लिही. लाटणं सोडून." मी लिहिलं. त्याचं उत्तर तिनं सांगितलं, तेही लिहिलं. उत्तर मला पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याच्याकडं पैसा नाही त्यानं भावाची बातमी ऐकून काय करायचं? पण नाक्यावरच्या ज्वारीबद्दल तिनं जे सांगितलं ते पटलं. एका गावात दाणा होता, दुसऱ्या गावात भूक होती, आणि मध्ये एक माणूस बांबू आडवा टाकून बसला होता. ते पान मी दाबून दाबून लिहिलं. मागच्या पानावर उमटलं म्हणून भाऊ ओरडला आणि ते मला पुन्हा लिहावं लागलं.

प्रबंध टपालात टाकला. त्यानंतर निवडणुका झाल्या, सरकार पडलं, आणीबाणी उठली. मंडळाकडून काहीच येईना. मालकांनी चैत्रातच साताऱ्याचं स्थळ बघितलं. मुलगा सरकारी नोकरीत, पुरवठा खात्यात. म्हणजे रेशनची दुकानं आणि धान्याचे परवाने बघणारं खातं. नाक्यावर अपमान गिळून आलेल्या माणसानं त्याच खात्यातला जावई शोधला! मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं.

"त्या खात्यात एक तरी आपला माणूस पायजे," ते म्हणाले.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. मुलगी रडली नाही, भांडली नाही. नुसती जेवेना. पाहुणे आले, अंगणात सतरंजीवर बसले. मुलाचा चुलता लय बोलका. ताटात सुपारी ठेवली होती. भटजी यायचे होते, तेवढ्यात रस्त्यावरून माझा भाऊ पळत येताना दिसला. टोपी हातात, धोतराचा सोगा सुटलेला. मंडळाची तार त्याच्या पत्त्यावर आली होती आणि तो सांगलीहून मिळेल त्या एस.टी.नं निघाला होता.

"दाजी! पयली आली! मुंबईचं पदक आपल्या पोरीला!"

"कशाचं पदक?" चुलता म्हणाला. "पळायचं?"

"पळायचं मला द्या," भाऊ धापा टाकत म्हणाला. "तिचं अर्थशास्त्राचं हाय. आवं, ऑस्ट्रियाच्या पंडितांचं."

"ऑस्ट्रेलियाचं? तितं तर क्रिकेट आसतंय."

मुलगी दाराआड होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "ऑस्ट्रिया वेगळा, काका."

"बरं, वेगळा तर वेगळा. पर लिवलंयस काय त्यात?"

तिनं सरळ सांगितलं. "धान्याच्या येण्याजाण्यावर सरकारनं बंदी घालू नये. भाव ठरवू नयेत. पुरवठा खातं बंद करावं."

मुलगा तोवर खाली मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली. "मग आमी खायाचं काय?" तो म्हणाला.

पहिले हसले मालक. पेवानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग सगळे हसले, एकटा चुलता सोडून. तो म्हणाला, "पदक मिळालं, चांगलं झालं. कपाटात ठिवा. लग्नाला काय आडवं येतंय त्ये?"

"दोन वर्सं मुंबईला जावं लागतंय," भाऊ म्हणाला. "शिकायला."

आता सगळे मालकांकडं बघायला लागले. मी तोंड उघडणार होते. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मुलीकडं बघून म्हणाले, "जायाचं हाय?"

"व्हय," ती म्हणाली.

"परत खड्ड्यात उतरशील?"

"कंदील सोडून मग उतरीन."

मालकांनी ताटातली सुपारी उचलली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "पावनं, ही आता न्हाई फुटायची. राग मानू नका. स्वयंपाक झालाय, जेवून जावा."

चुलता उठला. मुलगा मात्र बसून राहिला आणि पोटभर जेवला. पोरगा चांगला होता. दुसरीकडं त्याचं चांगलं झालं.

पदक द्यायचा कार्यक्रम मंडळानं सांगलीतच ठेवला, एका शाळेच्या सभागृहात. मुंबईहून कोट घातलेली मंडळी आली होती. मालकांनी पलटणीतली पदकं छातीला लावली होती आणि ताठ बसले होते. मुंबईच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि अर्धं इंग्रजीत बोलले. ते माझ्या डोक्यावरून गेलं, पण टाळ्या मला कळल्या. मी हात लाल होईपर्यंत वाजवल्या. आमच्या घराण्यात आजवर बायकांना ओटी मिळाली, साडी-चोळी मिळाली. डोक्यासाठी कुणाला काही मिळालं नव्हतं.

मग ती बोलायला उभी राहिली आणि तिनं नाक्याची गोष्ट सांगितली. कारकुनाचं बोलणं, रस्त्यावर उतरवलेली पोती, रिकामी गाडी. शेवटी म्हणाली, "त्या गाडीत मी होते. गाडी हाकणारे माझे वडील इथं बसलेत." लोक वळून बघायला लागले. मालक पंख्याकडं बघत बसले. मग कुणी न सांगता उभे राहिले आणि सगळ्या सभेला कडक सलाम ठोकला. टाळ्या थांबेनात. मी त्यांचा सदरा ओढून म्हटलं, "आवं, बसा आता." ते बसले नाहीत.

ती व्यासपीठावरून खाली उतरल्यावर पदक हातोहात फिरलं. पेवात उतरलेला हमाल मागच्या रांगेत होता. त्याच्या हातात पदक आल्यावर त्यानं ते दातानं चावून बघितलं. "चांदीचं हाय व्हय?" त्यानं विचारलं.

"काय ठाऊक," मुलगी म्हणाली. "दात कसा आहे?"

"दात बरा हाय."

ती दोन वर्षं मुंबईला राहिली आणि पुढं पुण्याच्या एका कॉलेजात तिनं तीस-एक वर्षं शिकवलं. मालक म्हातारपणानं गेले, भाऊही गेला. मुलगी आहे. तो हमाल सांगलीत नातवंडांत आहे. पेवात दोघं उतरले होते, दोघंही जगले.