आईनं ताप लपवला

आज सकाळी सव्वासातला मी पिंगळीत, घरी, आईसाठी पाणी उकळत होतो. तिला रक्ताचा कर्करोग आहे. गेल्या आठवड्यात केमो झाली, पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत. ताप आला तर लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

थर्मामीटरमध्ये ताप दिसला नाही. पण आईचा पदर घामानं भिजला होता.

"आई, तापाची गोळी खाल्लीस का?"

ती मावशीकडे बघू लागली. मावशी कालच सोनपेठहून तिला भेटायला आली आहे.

"मीच दिली रे. राती अंग लय तापलं व्हतं. अक्का म्हणली, पोराला उठवू नको, आज कुठं जरा झोपलाय."

मी गॅस बंद केला आणि रिक्षा बोलावली. गोळीनं ताप उतरतो, पण आतला संसर्ग वाढतच राहतो.

रिक्षात आई म्हणाली, "तिला बोलू नको. मायेनं दिली तिनं."

आता परभणीत सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येत नाही.

तुमच्या घरी असं कुणी आजारी असेल, तर आजच त्यांना सांगून ठेवा: मी झोपलो असलो, तरी मला उठवायचं.