खालून दुसरं भोक

नव्वद सालानंतरची गोष्ट. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा पाय मोडला तो नेमका ऊसतोड सुरू झाल्यावर. ट्रॅक्टर मला चालवता यायचा. नांगरट करताना अख्ख्या शेळगावानं मला पाहिलं होतं. पण नांगर वेगळा आणि उसाची ट्रॉली वेगळी, असं आबांचं ठाम मत. पहिल्याच खेपेला ते मीच खरं करून दाखवलं. कालव्याच्या पुलाच्या चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हातभर उचलली. क्लच दाबला तशी धाडकन खाली आली. घरी येऊन आबांना सांगितलं.

"उद्यापासनं डायवर बघतो," आबा म्हणाले. "तू आता घरी बस."

रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. चूक माझी नव्हती, ट्रॉली जोडायच्या हुकाची होती. पाटाच्या बांधाला ट्रॉलीची दांडी घासू नये म्हणून आबांनीच तो ट्रॅक्टरमागच्या भोकांच्या पट्टीत सगळ्यात वरच्या भोकात बसवला होता. जुन्या ट्रॅक्टरला ते चालून जायचं. नव्याची मागची चाकं मोठी, त्यामुळं हूकही उंच गेला आणि वरून ओढ बसून पुढचं तोंड उचलायला लागलं. हे आबांना तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून करूनच दाखवायचं ठरवलं.

रिकामी ट्रॉली खळ्यावर सपाट जागी उभी केली, दांडीखाली जॅक लावला. ट्रॉलीत परात ठेवून पाणी ओतलं आणि ते चारी बाजूंनी काठाला सारखं लागेपर्यंत, म्हणजे ट्रॉली समतल होईपर्यंत, जॅक खालीवर करत बसले.

"भाकरीची परात हाय ती," आई ओरडली. "ऑईल लागलं तर तुलाच घासाय लावीन!"

मग दांडीच्या कड्याची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजली. ती हुकाच्या पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या भोकाशी जुळत होती.

बाजेवरून आबा हे सगळं बघत होते. त्यांना राहवेना.

"रिकाम्या गाडीचं माप घेतीस व्हय? ऊस भरल्यावर ट्रॅक्टर मागनं दोन बोटं खाली बसतो, हूकबी तेवढाच खाली येतो. खालनं दुसऱ्या भोकात टाक."

मी भांडायच्याच तयारीत होते, पण त्यांचं बरोबर होतं. कुबडी टेकत ते उठून आले आणि शेवटचा बोल्ट त्यांनीच आवळला.

दुसऱ्या दिवशी भरल्या ट्रॉलीपुढं मी स्टिअरिंगवर आणि आबा प्लास्टरसकट मडगार्डवर. पूल आला. चढ संपला तरी पुढची चाकं रस्ता सोडेनात. आबा नुसते खाकरले. मला तर मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं माझ्याकडं पाहिलं, मागं ट्रॉलीकडं पाहिलं आणि आबांना विचारलं, "आबा, डायवर कुठाय?"

"हितंच बसलीय की," आबा म्हणाले. "पोरगी हाय माझी."