चिठ्ठ्यावाले भाई

भाई ऑफिसात रुजू झाले त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंख्याच्या बटणावर, पाण्याच्या फिल्टरवर आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठ्या लागल्या होत्या. पंख्यावर ‘दोनच्या पुढे आवाज करतो’. फिल्टरवर ‘आधी थोडं पाणी सोडून द्या’. खुर्चीवर नुसतं ‘हिला विचारा’. कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं. त्यामुळे पुढची दोन वर्षं लोक मला सगळ्याबद्दल विचारत राहिले.

मालवणातलं आमचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं. बोटवाल्यांच्या समितीसाठी आम्ही प्रवासी बोटींच्या बुकिंगचा प्रोग्राम चालवायचो. भाई मुंबईत आयुष्यभर प्रोग्रामिंग करून निवृत्त झालेले. आठवड्यातून तीन दिवस जामसंड्याहून एसटीने येत. मी मुळात ऑफिस सांभाळणारी. यादी करायची, काम झालं की ओळ खोडायची, एवढंच मला येत होतं. पण भाईंच्या हाताखाली कोणीतरी हवं होतं, म्हणून पंचेचाळिशीत मी जावा ही भाषा शिकायला बसले. शिकवायला हे.

जावामध्ये एखाद्या क्लासच्या किंवा मेथडच्या, म्हणजे कोडच्या एखाद्या तुकड्याच्या, डोक्यावर ‘@’ हे चिन्ह आणि एक शब्द लिहिता येतो. त्याला ॲनोटेशन म्हणतात. भाई ‘चिठी’च म्हणत. मी वही उघडून विचारलं, “हे काम काय करतं?”

“कायच नाय,” भाई म्हणाले.

“मग लिहायचं कशाला?”

“पेटयेर ‘सांभाळून ठेवा’ लिवलेला असता. तां लिवलेला पेटी धरून ठेवता काय? हमालान वाचल्यान तर तो सांभाळून ठेवतलो. नायतर आपटतलो. चिठी काम करणा नाय गो बाय, वाचणारो करता.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी वहीत त्याच्यापुढे रेघा मारून मोजायला लागले. चाळीसनंतर सोडून दिलं.

चिठ्ठीचं आयुष्यही ठरवावं लागतं, हे त्यांनी आंब्याच्या पेटीवरच समजावलं. काही चिठ्ठ्या पेटी भरतानाच गळतात, म्हणजे कोड कंपाइल होऊन यंत्राच्या भाषेत गेलं की त्या संपल्या. काही पेटीच्या आत जातात, पण बाहेरून दिसत नाहीत. काही गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत वर चिकटलेल्या राहतात, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाही वाचता येतात. आपण काहीच सांगितलं नाही, तर जावा मधला प्रकार धरते: आत आहे, पण दिसत नाही. इतकी साधी गोष्ट. ती सांगायला त्यांनी तीन दिवस घेतले, कारण मध्येच हापूस आणि पायरी यांवर घसरले.

त्यात जावामध्ये देवनागरी नावं चालतात, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मग काय! ‘@मर्यादा’, ‘@परत_विचार’. एका जुन्या मेथडवर तर ‘@हात_लाव_नको’. तिला वाचणारा कोडमध्ये कोणीच नव्हता. “मग ही कोणासाठी?” मी विचारलं. “तुज्यासाठी,” भाई म्हणाले.

‘@मर्यादा’ मात्र कामाची होती. भाईंनी कोडमध्ये लिहिलेला एक तपासनीस, प्रोग्राम चालू असताना, बुकिंगच्या मेथडवर ती चिठ्ठी शोधायचा, आणि सापडली की बोटीत जागा किती ते पाहून जास्तीचं बुकिंग अडवायचा. या चिठ्ठीच्या व्याख्येवर आणखी एक चिठ्ठी होती: ‘ही शेवटपर्यंत राहू दे’ अशा अर्थाची. चिठ्ठीवर चिठ्ठी! माझा नियम आहे, ज्या वस्तूचं काम दिसत नाही ती काढायची. एका शनिवारी कोडच्या साफसफाईत मी ती वरची ओळ काढली. कोड कंपाइल झालं. बुकिंग झालं. मी यादीतून ‘साफसफाई’ खोडली.

नाताळच्या सुट्टीत जेटीवरून एका तांडेलाचा फोन आला. “बाईनू, माजी बोट चोविसाची. तुमच्या कागदार एकतीस आसत. सात जणांक खंय बसवू, डोक्यार?” त्याने डोकी मोजली आणि सात जणांना जेटीवरच ठेवलं, म्हणून निभावलं. त्याने मोजली नसती तर काय झालं असतं, तो विचार मी आजही पुरता करत नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. रात्रभर कोड धुंडाळून चूक कोणाची ते मला कळलं होतं: मी ती ओळ काढल्यापासून ‘@मर्यादा’ मधल्या प्रकारची झाली होती, आत होती पण तपासनिसाला दिसत नव्हती. भाईंनाही सकाळीच सांगितलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तोच भाई म्हणाले, “बाय, जरा पाणी आण सगळ्यांका.” आणि मी मूर्खासारखी पाणी आणायला गेले! ट्रे घेऊन परत येईपर्यंत भाईंनी शुद्ध मराठीत “चूक माझी आहे” असं सांगून टाकलं होतं आणि समितीने त्यांना “आता तुम्ही आराम करा” म्हटलं होतं. दुपारच्या गाडीने ते गेलेसुद्धा.

रविवारी मी सात मुद्द्यांची यादी घेऊन जामसंड्याला गेले.

“ओळ मी काढली होती. तुम्ही का अंगावर घेतलंत?”

“तुका काढल्यानी असती तर ऑफिसात कोण रवला असता?”

“ते मी बघितलं असतं! मला विचारायचं तरी!”

“आणि चूक माजीच आसा. चिठी गावली नाय म्हणान गप बसणारो तपासनीस कोणी लिवल्यान? मिया. ओळी काढणारी माणसां असतलीच. राखणेक बसलेलो गप रवलो, तर तेच्यापेक्षा कुत्रो बरो.”

पुढचे सहा मुद्दे राहिले, कारण ते मला आंब्याची कलमं दाखवायला घेऊन गेले.

सोमवारी मी समितीला सगळं लेखी कळवलं. सेक्रेटरींनी कागद दोनदा वाचला. “आता सांगतास? बरां. भाईंका परत घेवन येवा.” मी लगेच फोन केला.

“मी येवचंय नाय,” भाई म्हणाले. “तो तपासनीस तू लिव.”

तीन आठवडे लागले. आता बुकिंगच्या कुठल्याही मेथडवर चिठ्ठी दिसली नाही तर प्रोग्राम सुरूच होत नाही. संपलं त्या दुपारी मी भाईंना कळवलं.

“आता ती ओळ काढून बघ,” ते म्हणाले.

काढली. स्क्रीनभर लाल अक्षरं आली आणि प्रोग्राम अडून बसला.

“ओरडला?”

“ओरडला.”

“मगे आता माका फोन करू नको.” आणि ठेवला.

शाबास नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी फोन लावला, भांडायला. त्यांनी उचलला नाही. पुढचा आठवडाभर उचलला नाही. त्या आठवड्यात बुकिंगमध्ये दोन भानगडी झाल्या आणि त्या मला एकटीला सोडवाव्या लागल्या. सुटल्या, याचाच मला जास्त राग आला.