शाळेचा उतार

ओल्या सिमेंटचा वास आला की देवळीजवळच्या गावातली ती शाळा आठवते. व्हीलचेअरवरच्या एका मुलीसाठी पायऱ्यांशेजारी उतार हवा म्हणून मी दोन ग्रामसभांत भांडले. शेवटी सगळ्यांचे हात वर झाले. उतार बांधला, त्यावर मीही हौसेनं पाणी मारलं. पहिल्या दिवशी घंटा झाली, पोरी धावत वर्गात गेल्या आणि ती एकटीच चाकं ढकलत वर आली. मी हसत विचारलं, "आता बरं झालं ना?" ती म्हणाली, "पहिले दोघीजणी मले उचलून न्यायच्या, म्याडम. आता माह्यासाठी कोणी थांबतच नाई." अख्ख्या गावाच्या सह्या घेत फिरले होते मी, तिच्याजवळ बसून तिला काय हवं, हे मात्र एकदाही विचारलं नव्हतं.